क्लॅरिनेटवर वरच्या 'सी'च्या पुढे

वरचा सी लागतो आणि पुढे नुसती किंचाळी निघते? मग बहुधा दात रीड (माउथपीसवर बसवलेली, फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी) चावताहेत. दाबलेली रीड थरथरत नाही, सूर गुदमरतो.

खालचा ए धरा: अंगठ्याचं भोक बंद, डाव्या हाताची तीन बोटं, उजव्याची पहिली दोन. रजिस्टर की (डाव्या अंगठ्याजवळची, सूर वर उडवणारी चावी) दाबा, ई मिळेल. आता बाकी काही न हलवता डावी तर्जनी उचला: सी शार्प. नळी तीच, ए, ई आणि सी शार्प हे तिचे अनुक्रमे पहिला, तिसरा, पाचवा हार्मोनिक (एकाच नळीतून निघणारे चढते सूर). ओठ तसेच राहू द्या. जीभ 'ई' हे अक्षर म्हणताना असते तशी मागून उंच, हवा वेगवान. (तर्जनी पूर्ण न उचलता थोडी सरकवली तरी चालतं, आणि उडी जास्त गुळगुळीत होते.) डी पासून वर उजव्या करंगळीची ई फ्लॅट की घ्या, नाहीतर सूर उतरतो.

2 नंबरची मऊ रीड वरच्या सुरांत लवकर मिटते, 2.5 किंवा 3 बरी. इंदूरच्या मे महिन्यात रीडचं टोक वाळून नागमोडी होतं. आधी पाण्यात भिजवा, टोक सपाट झाल्यावरच बसवा.

ट्यूनरवर तपासा: बी फ्लॅट क्लॅरिनेटचा फक्त माउथपीस आणि बॅरल (त्याखालचा छोटा तुकडा) फुंकल्यावर कॉन्सर्ट एफ शार्पच्या (म्हणजे पियानोवरच्या एफ शार्पच्या) आसपास सूर यायला हवा. बराच खाली आला तर ओठ ढिले आहेत किंवा जीभ खाली पडली आहे.