दुसऱ्या शनिवारी वाचनालय बंद

आमच्या वाचनालयाच्या दारावर सूचनेसाठी एलईडीची पाटी लावायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. पॅनेल पी-१० जातीची, दुकानांवर सरकती अक्षरं दाखवतात ती. एका पॅनेलवर आडवे ३२ आणि उभे १६ ठिपके. पाटीसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नव्हतं.

शोधताना युनिफॉन्ट सापडला. रोमन चिबोरा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा मोफत फॉन्ट, जगातल्या बहुतेक लिप्या त्यात आहेत, आणि अक्षराची उंची नेमकी १६ ठिपके! फाइल साधी मजकुराची. एका ओळीत एक अक्षर: युनिकोड क्रमांक, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर ठरलेला क्रमांक, विसर्गासारखी दोन टिंबं, मग हेक्स आकडे, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ; एका आकड्यात चार ठिपके. आकडे ३२ असले तर अक्षर ८ ठिपके रुंद, ६४ असले तर १६. इंग्रजी कॅपिटल ए च्या ओळीत १८, २४, २४, ४२ असे आकडे दिसतात. २४ उलगडला की ००१००१००. एक तिथे दिवा लावायचा. ए चे दोन पाय फाकत जाताना कागदावर दिसले तेव्हा मी अक्षरशः हरखलो. देवनागरीचे १२८ क्रमांक ४ केबीत बसतात, म्हणून पाटी चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलरलाही ते पेलले.

पहिल्या दिवशी पाटीवर ‘दुसऱ्या शनिवारी’ हे शब्द धड उमटले नाहीत. ‘शनिवारी’ चं ‘शनविारी’ झालं. ‘दुसऱ्या’ तर त्याहून वाईट, ऱ, खाली हलंत आणि शेजारी सुटा या. युनिकोडमध्ये पहिली वेलांटी अक्षरानंतर येते, काढायची मात्र आधी; आणि हा फॉन्ट फक्त सुटी अक्षरं देतो, ती जुळवणं आपल्याकडे. पहिली वेलांटी प्रोग्राममध्ये अक्षराच्या आधी सरकवली. च, त, ब यांची अर्धी रूपं उजवीकडचा दंड खोडून मिळाली.

ऱ्य मात्र हातानेच काढावा लागला. तो रफार देऊन भागवा, असं एकाने सुचवलं. मी ऐकलं नाही. दर्या समुद्र असतो आणि दऱ्या सह्याद्रीत असतात. वाचनालयाच्या दारावर हा घोटाळा मला चालणार नव्हता. युनिफॉन्टसोबत हेक्सड्रॉ नावाचं साधन येतं. ते आकड्यांचं चित्र करतं, रिकाम्या जागी आडवी रेघ, ठिपक्याच्या जागी हॅश, आणि चित्राचे परत आकडे. त्यात ऱ्य मधला तो छोटा बाक चार वेळा काढला. पहिल्यांदा शिरोरेषा एक ओळ खाली गेली, शब्द मधोमध मोडल्यासारखा दिसला. जमला तेव्हा त्याला खासगी वापरासाठी राखलेल्या क्रमांकांतला एक दिला. फॉन्टचा परवानाच बदल करायला मोकळीक देतो, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पाटी सुरू केली. बाहेर चपला काढणाऱ्या एका मुलीने सरकती ओळ मोठ्याने वाचली, कुठेही न अडखळता. आता ‘सगळ्यांचं स्वागत’ हवंय. ळ ला खोडायला दंडच नाही, म्हणून ळ्य पुन्हा चौकटीवर काढायला घेतलाय.