कुणाच्या बाजूचं?

लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचं तेरावं, हा प्रश्न काही मला चुकत नाही. आमच्या आजारी मुलीकडे डोळे भरून बघून झालं, की एखादी काकू नाहीतर मामी जवळ सरकते. "हे कुणाच्या बाजूचं म्हणायचं?" उत्तराआधीच नजर माझ्या बायकोकडे वळलेली असते. "हिच्या माहेरी होतं का कुणाला?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बहुधा माझ्याकडून.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. सव्वा वर्षाची होईपर्यंत सगळं वेळेवर झालं. बसली, रांगली, 'बाबा' म्हणाली. मग काही महिन्यांत शब्द गेले, हातात धरलेला चमचा सुटला, आणि धुणं पिळावं तसे हात एकमेकांवर चोळणं सुरू झालं. १९५४ साली व्हिएन्नातले डॉक्टर आंद्रेआस रेट यांच्या डोळ्यांत भरलं ते हेच. दवाखान्यात बाहेर बसलेल्या दोन मुली अगदी असेच हात पिळत होत्या. आजाराला त्यांचं नाव मिळालं, रेट सिंड्रोम. कारण सापडायला मात्र १९९९ उजाडलं. ह्यूस्टनला हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेत कळलं, की एक्स गुणसूत्राच्या टोकाशी असलेलं एक जनुक बिघडलेलं असतं. डॉक्टर त्याला 'मेक-पी-टू' म्हणतात.

या जनुकापासून होणारं प्रथिन पेशीच्या केंद्रकात राहतं. डीएनए चार अक्षरांत लिहिलेला असतो, त्यातल्या 'सी' या अक्षराला जागोजागी मिथाइल नावाच्या रसायनाचा बारीकसा टिळा लावलेला असतो. तो टिळा दिसला की हे प्रथिन तिथे जाऊन बसतं, आणखी काही प्रथिनांना बोलावून घेतं, आणि मग आसपासच्या जनुकांची बडबड कमी होते. मेंदूच्या पेशींना त्याची फार गरज, म्हणून तिथे ते खच्चून भरलेलं असतं.

पण टिळा लागलेला 'सी' जरा कच्चा असतो. कधीतरी त्याचा 'टी' होऊन बसतो. या जनुकातले नेहमी आढळणारे बिघाड बहुतेक असेच झालेले. आमच्या रिपोर्टवरही तेच आहे: 'सीजीए' होतं, त्याचं 'टीजीए' झालं. 'टीजीए' म्हणजे थांबा. प्रथिन म्हणजे ४८६ मण्यांची माळ, ती १६८व्या जागी थांबली. जो टिळा वाचायचं या प्रथिनाचं काम, त्याच टिळ्याने त्याचा घात केला. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. चिडून की चकित होऊन, अजून सांगता येत नाही.

शुक्राणूंच्या डीएनएवर असे टिळे भरपूर असतात. म्हणून हा बदल बहुतेक वेळा बापाच्या बाजूने येतो, आणि बाप मुलीलाच एक्स देतो. आम्हा दोघांच्या रक्तात तो नाही. एका शुक्राणूत नव्याने झालेली चूक, पत्रिकेत शोधून सापडायची नाही. पुढच्या मुलात पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. शून्य नाही, म्हणून गरोदरपणात तपासणी करतात.

पुढचा प्रश्न भाचरांचा: मग ते प्रथिन वरून का देत नाहीत? आशा आहे. २००७ साली एडिनबर्गला एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांमध्ये हे जनुक पुन्हा सुरू केलं, आणि मोठे झालेले उंदीरसुद्धा सुधारले. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. पण मीठ जास्त झालं तरी आमटी बिघडतेच. जनुकाच्या एकाऐवजी दोन प्रती झालेल्या मुलग्यांना वेगळाच गंभीर आजार होतो. त्यात मुलीच्या दुसऱ्या एक्सवर चांगली प्रत आहेच, आणि प्रत्येक पेशी दोनांपैकी एकच एक्स वापरते, म्हणून सुमारे निम्म्या पेशी त्या चांगल्या प्रतीवर चालतात. त्या पेशींना जादा डोस नको, बाकीच्यांना हवा. ते जमवायचं कसं, यावर काम चालू आहे.

एवढं सगळं काकू ऐकून घेतात. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणतात, "छे रे, तुमच्या घराण्यात कुठे होतं असलं काही?"