आमची वाटचाल : वागळे इस्टेटचा गाळा आणि विमानाची बिजागरी

नमस्कार मंडळी, तुम्ही नक्की बनवता काय असं बरेच जण विचारतात म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. ठाण्यात वागळे इस्टेटला आमचा गाळा आहे, दोन लेथ, एक मिलिंग, एक जुनी रेडियल ड्रिल, मी, दादा आणि तीन कामगार. बाबा टर्नर होते, कंपनी बंद पडल्यावर त्यांनी सेकंडहँड लेथ घेऊन जॉबवर्क सुरू केलं, बुश, पिना, पॅनलच्या बिजागऱ्या, जे येईल ते. ती पंधरा-वीस वर्षं अशीच गेली, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

विमानाचं काम आणलं ऐरोलीच्या एका काकांनी. विमानांच्या मेंटेनन्समध्ये हयात गेलेला माणूस, रिटायर झाल्यावर प्लॅन मागवून स्वतःचं दोन सीटचं विमान बांधायला घेतलेलं. कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेलं विमान 2016 ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं, ते मी आणि दादाने जवळून बघितलेलं, त्यामुळे काका काय म्हणतायत ते आम्हाला लगेच पटलं.

पहिल्या दिवशी काकांच्या पिशवीत पियानो हिंजचे, म्हणजे लांब पट्टीसारख्या सलग बिजागरीचे, दोन तुकडे होते. एक हार्डवेअरच्या दुकानातला, पत्रा पिनभोवती गुंडाळलेला, दुसरा एक्स्ट्रुडेड, म्हणजे ज्याचे पिन जायचे डोळे अख्ख्या धातूतच असतात, कुठे सांधा नाही. म्हणाले, दोन्ही व्हाइसमध्ये धर आणि ओढ. पहिल्याची गुंडाळी डोळ्यांदेखत उलगडली, दुसरा तसूभर हलला नाही. काका एवढंच म्हणाले, "यावर माझा एलेरॉन लटकणार आहे रे." एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा, विमान डावी-उजवीकडे कलवणारा हलता भाग. त्या दिवसापासून टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट, नसलेलं अ‍ॅल्युमिनियम आम्ही या कामाला लावत नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

पहिली ऑर्डर होती एलिव्हेटरचे, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या हलत्या भागाचे, तीन ब्रॅकेट. मी प्रत्येकाचं भोक वेगवेगळं रीम केलं, म्हणजे रीमर फिरवून नेमक्या मापाला आणलं, भोकाचं माप तपासायच्या गो नो-गो गेजने तिन्ही एकदम ओके, आणि फिटिंगला बसलो तर पिन दोन ब्रॅकेटमधून सरकन गेली आणि तिसऱ्याला अडली. ठोकून बसवली असती तर बसलीही असती, पण मग एलिव्हेटर हाताला जड लागला असता आणि वैमानिकाला स्टिकवर काय जाणवतंय तेच कळलं नसतं. काकांनी पिन काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "भोक बरोबर आहे, रेष चुकली." रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी दादाने जाड प्लेटची जिग, म्हणजे काम जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, केली, तिन्ही ब्रॅकेट तिच्यावर एकत्र आवळले, भोकं थोडी कमी साइजची ठेवली आणि पुढे वाट दाखवणारा लांब दांडा (पायलट) असलेला रीमर एकाच सेटिंगमध्ये आरपार घातला. पिन स्वतःच्या वजनाने खाली उतरली. तो पूर्ण सेट आम्ही पदरमोड करून परत बनवून दिला.

पण टेबलावर जुळलेली रेष हवेत तशीच राहत नाही, भार आला की पंख वर वाकतो, शेपटीही थोडी वाकते, आणि सरळ पिन अडकायला लागते. म्हणून बरेच डिझायनर तिथे गोळीवाले रॉड एंड देतात, म्हणजे ज्यांच्या डोळ्यातली गोळी थोडी कलू शकते असे सांधे. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-7 या घरी बांधायच्या विमानाला एलिव्हेटर आणि रडर (शेपटीचा डावी-उजवीकडे वळवणारा भाग) रॉड एंडवर आणि फ्लॅप (उतरताना पंखामागे खाली करायचा भाग) पियानो हिंजवर असतात. रॉड एंडला बाजूने मोठा वॉशर हवाच, उद्या गोळी निसटली तरी बोल्ट बाहेर येता कामा नये. आणि जो बोल्ट सांध्याबरोबर फिरू शकतो त्याला खाचांचा कॅसल नट आणि त्यातून आरपार स्प्लिट पिनच, आत नायलॉनची कडी असलेल्या नायलॉक नटवर भागवायचं नाही, यावर मी कुठल्याही गिऱ्हाइकाशी भांडायला तयार आहे.

लोकांना वाटतं थोडी ढिलाई काय बिघडवते. हिशोब करा, कंट्रोल हॉर्न, म्हणजे हलता भाग फिरवणारा छोटा दांडा, 50 मिलिमीटरचा, त्याच्या बुशमध्ये 0.1 चा प्ले, आणि बिजागरीपासून मागची कड 300 मिलिमीटरवर, म्हणजे कडेला 0.6 मिलिमीटर हालचाल झाली. त्यात वजन बिजागरीच्या मागे जास्त असेल तर ठराविक वेगाला फडफड सुरू होते, तिला फ्लटर म्हणतात, आणि काही सेकंदांत अख्खी शेपटी तुटून जाऊ शकते. म्हणून पुढच्या बाजूला शिशाचं वजन लावून बॅलन्स करतात.

आता आमचं निम्मं काम याच प्रकारचं आहे, ब्रॅकेट, ब्राँझचे बुश, हॉर्न. खंडेनवमीला मशीनबरोबर ती पहिली जिगही पूजेत असते.

परवा काकांचा फोन आला, एलिव्हेटरला रंग देऊन झालाय. रंगाचंही वजन असतं आणि ते बहुतेक सगळं बिजागरीच्या मागेच पडतं, त्यामुळे बॅलन्स परत बघावा लागणार. रविवारी टेम्पोतून घेऊन येतायत, दादाने शिसं वितळवायची कढई काढून ठेवलीय.