उबेराबा : गीर आणि कांकरेजचं सासर

ब्राझीलला जाणारा मराठी प्रवासी बहुधा रिओ आणि इग्वासूचा धबधबा पाहून परततो. त्यात वावगं काही नाही. पण घरी गोठा असेल, ऊस असेल किंवा निदान गाईंच्या जातींवर तासभर वाद घालायची हौस असेल, तर वाट जरा वाकडी करून उबेराबाला जाऊन या. मिनास जेराइस राज्याच्या पश्चिम टोकाचं हे सव्वातीन-साडेतीन लाख वस्तीचं शहर. ना समुद्र, ना किल्ला. सगळा कारभार शेती, जनावरं, साखर, इथेनॉल आणि फॉस्फेट खतांच्या कारखान्यांवर चालतो.

साओ पाउलोच्या तियेते बसस्थानकावरून सहा-सात तास लागतात. बस दिवसाचीच घ्या, कारण रिबेराव प्रेतोच्या आसपास दोन्ही बाजूंना सुरू होणारा ऊस बघण्यासारखा आहे. एप्रिल ते नोव्हेंबर हा तिथला गाळपाचा हंगाम, म्हणजे आपले कारखाने बंद पडतात तेव्हा त्यांचे सुरू होतात. कोयता कुठे दिसत नाही. यंत्र उसाची कांडकी करून थेट ट्रेलरमध्ये टाकतं आणि दोन-तीन ट्रेलर जोडलेले ट्रक रस्त्यावर डुलत असतात. रिओ ग्रांदे नदी ओलांडली की मिनास लागतं. ऑनलाइन तिकीट काढताना सीपीएफ हा तिथला करक्रमांक मागतात, तो आपल्याकडे नसतो. पासपोर्ट घेऊन सरळ खिडकीवर जा. भाड्याची गाडी घेतलीत तर पंपावर दोन दर दिसतील, पेट्रोलचा आणि इथेनॉलचा. बहुतेक गाड्या दोन्हींवर चालतात. इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरायचं, हा तिथला पाठ हिशेब.

रेल्वे 1889 मध्ये इथे पोचली तेव्हा उबेराबा ही अंतर्भागाची पेठ होती. रूळ पुढे उबेरलांदियापर्यंत गेले आणि व्यापारही पुढे सरकला. इथल्या जमीनदारांनी मग गुरांवर भिस्त ठेवली. युरोपातली गुरं उष्णतेने आणि गोचिडांनी हैराण व्हायची. भारतातली वशिंडाची गुरं, म्हणजेच झेबू, त्याच रानात मजेत चरायची. 1893 मध्ये तेओफिलो दे गोदॉय हा उबेराबाचा माणूस गुरं आणायला थेट भारतात गेला. पुढे इतरही गेले. 1921 साली साओ पाउलोत बुळकांडी ही गुरांची साथ आली आणि आयातीवर बंदी घातली गेली. शेवटची मोठी खेप 1960 ते 62 च्या दरम्यानची. त्या जनावरांना फर्नांदो दे नोरोन्या या समुद्रातल्या बेटावर विलग ठेवलं होतं. सगळ्या खेपा मिळूनही आलेली जनावरं काही हजारच, पण आज ब्राझीलच्या वीस कोटींहून जास्त गुरांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांच्या अंगात झेबू रक्त आहे.

हे सगळं मांडलेलं पाहायचं तर पार्के फर्नांदो कोस्ता गाठा. 1941 मध्ये राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांनी उद्घाटन केलेलं हे प्रदर्शनाचं मैदान भर शहरात आहे. झेबू संग्रहालय याच आवारात आणि झेबू पैदासकारांच्या राष्ट्रीय संघटनेची कचेरीही इथेच. संग्रहालयात जुने फोटो आहेत, पण माझं मन रमलं ते नोंदणीच्या कारभारात. इथे वंशावळीची वही 1919 पासून ठेवली जाते. कुठल्या गाईचा बाप कोण, दूध किती, कोणत्या वयाला वजन किती, हे सगळं कागदावर. आपल्याकडे गाईच्या पुण्याबद्दल भरपूर बोललं जातं, तिच्या आजीच्या दुधाचा आकडा मात्र क्वचित कोणी सांगतं. आज तिथल्या गीरचं वीर्य भारतात आणायची चर्चा होते, तिच्यामागे ही वही आहे.

एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे एक्स्पोझेबू हे झेबू गुरांचं प्रदर्शन भरतं. नेल्लोरवरून नाव पडलेली पांढरी नेलोरी, आपली कांकरेज म्हणजे तिथली गुझेरा, लांब कानांची गीर, शिवाय इथेच घडलेली इंदुब्राझील. पांढऱ्या कपड्यातली माणसं बैल रिंगणात फिरवतात आणि परीक्षक माइकवरून निकालाची कारणं सांगतो. भाषा कळली नाही तरी हात कुठे जातो ते बघा: पाठ, खूर, वशिंड, कास. संध्याकाळच्या लिलावात एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर आकडे भलतेच वाटतील. बोली एका हप्त्याची असते. पूर्ण किंमत काढायला तिला हप्त्यांच्या संख्येने गुणायचं. वियातिना-19 या नेलोरी गाईची किंमत 2023 मध्ये दोन कोटी दहा लाख ब्राझिलियन रेआल ठरली. तेव्हा तिचा फक्त एक तृतीयांश हिस्सा विकला होता. याच मैदानात नेलोरीच्या मांसाचे निखारेही पेटलेले असतात. ज्यांना ते सोसवणार नाही त्यांनी प्रदर्शनाचे दिवस टाळून एरवी जावं. खोल्याही तेव्हाच मिळतात. प्रदर्शनात हॉटेलं भरलेली असतात आणि मग शंभरेक किलोमीटरवरच्या उबेरलांदियात मुक्काम करावा लागतो.

शाकाहारी माणसाने मांस नको असं नुसतं सांगून भागत नाही. तिथे मांस म्हणजे आधी गोमांस. कोंबडी आणि हॅम तरीही ताटात येतात. घेवड्याच्या उसळीतही डुकराची चरबी असते. सोपा मार्ग म्हणजे वजनावर जेवण देणाऱ्या खानावळी: भात, भाज्या, अंडी, कोशिंबिरी बघून घ्यायच्या आणि ताट काट्यावर ठेवायचं. भेंडी घातलेली कोंबडी ही मिनासची खासियत. पाँव दे केजू, म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा होतो त्याच्या पिठाचे चीज घातलेले गोळे, सकाळी गरम असतानाच खा. दुपारी ते चिवट होतात.

हाताशी एक दिवस असेल तर वीसेक किलोमीटरवरचं पेइरोपोलिस सोडू नका. चुन्याच्या खाणींचं हे खेडं. 1947 पासून लेवेलिन आयव्हर प्राइस यांनी इथे डायनोसॉरची हाडं उकरली. जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागी आता संग्रहालय आहे. 2008 मध्ये नाव मिळालेला उबेराबाटायटन हा डायनोसॉर इथलाच. तो ज्या टायटनोसॉर गटातला, त्या गटाला नाव मिळालं ते जबलपूरच्या हाडांवरून, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यातही त्यांचे अवशेष सापडले आहेत. म्हणजे दोन्ही देशांचं नातं गुरांपेक्षा बरंच जुनं. बस मोजक्या आहेत, टॅक्सी करा आणि परतीचंही आधीच ठरवून ठेवा. सोमवारी जाऊ नका.

शहरात दिसणारे ब्राझीलभरचे यात्रेकरू गुरांसाठी आलेले नसतात. शिकू शाविएर हे प्रेतात्म्यांशी संवाद साधणारे म्हणून प्रसिद्ध असलेले गृहस्थ 1959 पासून 2002 मध्ये निधन होईपर्यंत इथे राहिले. त्यांचं घर बघता येतं. मी धावती भेट दिली.

मे ते सप्टेंबर हवा कोरडी असते, रात्री स्वेटर लागतो. इंग्रजी जवळपास कोणी बोलत नाही, फोनवर पोर्तुगीज भाषांतर उतरवून ठेवा. पिक्स या आपल्या यूपीआयसारख्या सेवेवर सगळा देश पैसे देतो पण पाहुण्याला ते सहज जमत नाही. कार्ड आणि थोडी रोख ठेवा. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ब्राझीलहून परतताना ते आपल्याच विमानतळावर मागतात; नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवू शकतात.