बुरशी काढा, आजोबा नकोत

गणपतीआधी घराला रंग काढायला घेतला की भिंतीवरच्या फ्रेमी खाली उतरतात आणि तेव्हा कळतं की आजोबांच्या अर्ध्या गालावर बुरशी चढलीय. मग ती फ्रेम पिशवीत घालून स्वारी माझ्याकडे, "तुझ्या त्या टॅबवर जरा साफ करून दी गो". आमच्या कुडाळ-मालवण पट्ट्यात दमट हवेमुळे हे चालूच असतं, किती जणांना तेच तेच सांगणार, म्हणून लिहूनच टाकते.

फोटो काचेला चिकटला असेल तर प्लीज ओढू नका. वरचा जिलेटिनचा थर दमटपणाने मऊ होऊन काचेला धरतो, ओढलात की चेहरा काचेवर आणि नुसता कागद हातात. काचेसकटच त्या फोटोचा फोटो काढा, फ्लॅश बंद, पडवीत ढगाळ उजेडात, आणि तुमच्या मागे कोणालातरी काळी छत्री उघडून उभं करा म्हणजे काचेत आभाळ दिसत नाही. पावसात छत्र्यांना काय तोटा!

बारीक ठिपक्यांना स्नॅपसीड या फोटो अ‍ॅपमधलं हीलिंग, म्हणजे डाग पुसायचं टूल, पुरतं, फुकटही आहे. त्यात जेवढं झूम कराल तेवढा ब्रश बारीक पडतो, त्यामुळे आधी भरपूर झूम आणि मग डागाएवढाच टॅप. फक्त त्याला कुंकू आणि डाग यातला फरक कळत नाही हां, नथ आणि साडीचे काठ आले की हात आवरा.

गालभर पसरलेला डाग मात्र हीलिंगने घालवाल तर गाल प्लॅस्टिकचा होतो. तिथे मी अ‍ॅफिनिटी फोटो या एडिटिंग अ‍ॅपमधलं फ्रिक्वेन्सी सेपरेशन वापरते. त्याने फोटोचे दोन लेयर, म्हणजे एकावर एक थर, होतात, एकात रंग आणि सावल्या, दुसऱ्यात सुरकुत्या, केस, बारीक पोत. पसरट डाग बहुतेक पहिल्यात असतो, तेवढ्यावरच मऊ ब्रशने क्लोन करायचं, म्हणजे शेजारचा चांगला भाग उमटवायचा, सुरकुत्यांना हात न लावता डाग फिका होतो. वेळ लागतो, पण मला हेच सगळ्यात आवडतं काम.

ट्रंकेतल्या अल्बममधले जुने कलर फोटो लालभडक होतात कारण त्यातला सायन, म्हणजे हिरवट निळा, रंग आधी उडतो. अ‍ॅपमधल्या कर्व्ह्ज या टूलमध्ये रेड चॅनलची, म्हणजे लाल रंगाची, रेघ खाली ओढा, बरंच ताळ्यावर येतं.

आणि ते एका टॅपवाले एआय अ‍ॅप? एका काकांनी तसा करून आणलेला फोटो घरी दाखवला तर काकी म्हणाल्या, "ह्यो खंयचो? आमचो आजो न्हय ह्यो!" खरंच, डोळे चकचकीत, दात सरळ, माणूस भलताच. धूसर चेहऱ्यात जे दिसत नाही ते ते अ‍ॅप मनाने भरतं, त्यापेक्षा धूसर राहिलेला बरा.

प्रिंट मॅट कागदावर काढा आणि फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, काच फोटोला टेकता कामा नये.