०.०९ आला कुठून?

सीएफडी सॉल्व्हरमध्ये, म्हणजे संगणकावर प्रवाहांचं गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टर्ब्युलन्सचं (भोवऱ्यांनी भरलेल्या खळबळत्या प्रवाहाचं) के-एप्सिलॉन मॉडेल निवडलं की स्थिरांकांची खिडकी उघडते. सी-म्यू ०.०९, सी-एक १.४४, सी-दोन १.९२. ती बघायची आणि बंद करायची, असा आमच्याकडचा अलिखित नियम. परवा नव्याने रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "मॅडम, ०.०९ च का? ०.१ का नाही?" पंपाचं गणित संगणकाच्या रांगेतच पडलं होतं, म्हणून दोघी फळ्यापाशी गेलो.

मूळ दुखणं १८९५ चं. ऑसबर्न रेनॉल्ड्सने वेगाचे दोन भाग केले: सरासरी आणि तिच्याभोवतीचे चढउतार. प्रवाहाची गती सांगणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांची सरासरी घेतली की चढउतारांचे गुणाकार मागे उरतात. सहा नवी अज्ञातं, समीकरणं मात्र तेवढीच. त्यांच्यासाठी वेगळी समीकरणं लिहावीत तर त्यात तिहेरी गुणाकार उगवतात. अंदाज नकोच, प्रत्येक भोवरा थेट सोडवू म्हणाल, तर रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाच्या जडत्वाचं व्हिस्कॉसिटीशी, म्हणजे चिकटपणाशी, असलेलं प्रमाण) दसपट झाला की मेशचे, म्हणजे गणिताच्या जाळीचे, बिंदू सुमारे पावणेदोनशे पट लागतात. मग बुसिनेस्कचा १८७७ चा तोडगाच बरा वाटतो: भोवरे म्हणजे वाढीव व्हिस्कॉसिटी समजा. के-एप्सिलॉनमध्ये ती सी-म्यू गुणिले के-वर्ग भागिले एप्सिलॉन. के ही टर्ब्युलन्सची ऊर्जा, एप्सिलॉन ती विरण्याचा दर.

सपाट भिंतीलगतच्या साध्या प्रवाहात एक पट्टा असा असतो, की तिथे जितकी ही ऊर्जा निर्माण होते जवळपास तितकीच विरते. त्या पट्ट्यात टर्ब्युलंट शिअर स्ट्रेसला (भोवऱ्यांमुळे एका थराची दुसऱ्यावर पडणारी ओढ) घनतेने आणि के ने भागलं की मोजमापात साधारण ०.३ येतं. मॉडेलमध्ये त्या पट्ट्यात हेच गुणोत्तर म्हणजे सी-म्यूचं वर्गमूळ. ०.३ चा वर्ग ०.०९. झालं! आणि भिंतीलगतच्या त्या सरळमार्गी रहिवाशाला आपण पंपाच्या डिफ्यूझरमध्ये (रुंदावत जाणाऱ्या वाटेत) नेऊन बसवतो.

तिथे दाब पुढे वाढत जातो आणि निर्मिती विरण्याच्या पुढे पळते. ती एप्सिलॉनच्या चौपट झाली, तर मॉडेलचं गुणोत्तर चाराच्या वर्गमुळाइतकं, म्हणजे दुप्पट, होऊन ०.६ वर जातं. प्रत्यक्षात ते ०.३ च्या आसपासच रेंगाळतं. हा फुकटचा शिअर स्ट्रेस भिंतीजवळच्या दमलेल्या थराला रेटत राहतो, आणि जिथे प्रवाह सुटायला हवा तिथेही तो भिंतीला चिकटून दिसतो. रंगीत चित्र मात्र असं देखणं येतं, की मीटिंगमध्ये कुणी काही विचारत नाही.

फ्लोरियन मेंटरच्या १९९४ च्या एसएसटी या दुसऱ्या टर्ब्युलन्स मॉडेलने बाउंडरी लेयरमध्ये (भिंतीलगतच्या थरात) या गुणोत्तराला ०.३१ ची कमाल मर्यादा घातली. तोच जुना आकडा, पण आता लगाम म्हणून! मला ही युक्ती बेहद्द आवडते, जरी एसएसटी कधीकधी उलट टोकाला जाऊन प्रवाह जरुरीपेक्षा जास्त सुटलेला दाखवतं.

त्या मुलीला पहिलं काम दिलंय: वेगाच्या चित्राआधी निर्मिती भागिले एप्सिलॉनचं चित्र काढायचं, आणि जिथे ते एकाच्या बरंच वर आहे तिथे लाल पेनाने गोल करून मगच माझ्याकडे यायचं.