ओटमनचा घाट आणि पायाचा क्लच

कॅलिफोर्नियातलं नीडल्स ते ॲरिझोनातलं ओटमन हा रूट 66 या अमेरिकेतल्या जुन्या महामार्गाचा टप्पा एका ओळीत संपतो: ऊन, वाळवंट, तहान. खरी परीक्षा ओटमन सोडून सिटग्रीव्हज खिंडीकडे चढायला लागलं की सुरू होते. रस्ता अरुंद, वळणं आवळलेली, कडेला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. आणि रस्त्यात गाढवं. खाणवाल्यांनी सोडून दिलेल्या गाढवांची ही पिलावळ. हॉर्नला भीक घालत नाहीत.

साध्या मोटरसायकलवर हे कौतुकाचं वाटेल. खाली 1951ची हार्ले हायड्रा-ग्लाइड असेल तर चढावर गाढव आडवं येणं म्हणजे छळ आहे. अडीचशे किलोहून जड गाडी, गिअर पेट्रोलच्या टाकीच्या डाव्या बाजूला हाताने टाकायचा, क्लच डाव्या पायाने, पुढचा ब्रेकही डाव्याच हातात. उजव्या पायाला मागचा ब्रेक. आता चढावर थांबा आणि सांगा, जमिनीवर कुठला पाय टेकणार?

उत्तर आहे, पण क्रम चुकता कामा नये. थांबताना टाच दाबून क्लच सोडवायचा. हे पेडल दोन्ही बाजूंनी झुलतं आणि घर्षणाच्या चकतीमुळे ठेवाल तिथेच राहतं, म्हणून डावा पाय मोकळा होऊन जमिनीवर येतो. उजवा पाय मागच्या ब्रेकवर. गाढव हललं की आधी डाव्या हाताने पहिला गिअर. मग तोच हात पुढच्या ब्रेकवर, करकचून. गाडीचा तोल उजवीकडे घेऊन उजवा पाय खाली, डावा पेडलवर. थ्रॉटल थोडा उघडून चवड्याने पेडलचा पुढचा भाग हळूहळू दाबायचा म्हणजे क्लच लागतो, गाडीने ओढ घेतली की ब्रेक सोडायचा. पुढचा ड्रम ब्रेक तारेवर चालणारा आणि मुळातच कमजोर. चढ फार उभा असेल तर गाडी इंचभर मागे येतेच.

यात दगा देते ती पेडलची चकती. तिचा नट सैल असला तर पेडल आपोआप पुढे सरकतं आणि गिअरमध्ये उभी गाडी उडी मारते. फार आवळला तर क्लच झटक्याने लागतो. घाटात शिरण्याआधी सपाटीवर तपासावं: टाच दाबून पाय काढला की पेडल जागचं हलता कामा नये.

बाकी गाडीबद्दल माझी तक्रार नाही. मागे सस्पेन्शन नाही (ते 1958च्या ड्युओ-ग्लाइड या हार्लेच्या पुढच्या मॉडेलला आलं), पण सीटखालच्या नळीतली स्प्रिंग खड्डे असे गिळते की आजच्या कित्येक महागड्या गाड्यांनी लाजावं. डावी मूठ फिरवली की स्पार्क, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्षण, मागेपुढे होतो. किक मारताना तो थोडा मागे घ्यावा, नाहीतर उलटी किक पायावर बसते. चालू झाली की पुढे. चढावर इंजिन खडखडायला लागलं तर पुन्हा किंचित मागे. उन्हात तापलेल्या इंजिनावर, संथ आयडलिंगला तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. थोडा वेग वाढल्यावर विझला तर घाबरायचं कारण नाही.

खिंडीपलीकडच्या कूल स्प्रिंग्सला सगळे थांबतात, फोटो काढतात. गर्दीचा मला कंटाळा, मी थेट पुढचं किंगमन गाव गाठलं.

तिथे मुक्काम केलात तर तेल रात्रीच, इंजिन गरम असतानाच मोजा. तेलाच्या टाकीत साधारण पावणेचार लिटर मावतं. तेलपंपाचा चेक व्हॉल्व्ह (बंद इंजिनात तेल झिरपू न देणारी झडप) जुना असेल तर रात्रभरात तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भागात, झिरपतं आणि सकाळी टाकी रिकामी भासते. त्या भरवशावर वरून तेल ओतलं, तर किक बसताच ते जास्तीचं तेल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाची हवा सोडणाऱ्या, वाटेने बाहेर, आणि मोटेलवाल्याच्या शिव्या फुकट.